वाट पाहण्याचें भांडवल

सकाळीं आठच्या सुमारास बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस उभें राहिलें असतां जो लोंढा दिसतो, तो आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला नसेल. विरारकडून आणि डहाणूकडून आलेल्या गाड्यांतून माणसें उतरतात, रिक्षांत दाटीवाटीनें बसतात, कंपन्यांच्या मोटारींत चढतात, आणि ज्यांस तेवढाही खर्च परवडत नाहीं तीं पायींच निघतात. हा सारा प्रवाह तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे वाहतो. त्यांतील कांहींच्या खिशांत कायम नोकरीचें ओळखपत्र असतें. पुष्कळांच्या खिशांत ठेकेदाराचा पास असतो, आणि त्या पासाची मुदत किती हें ठेकेदारासच ठाऊक असतें.

पाम हें गांव या वसाहतीच्या शेजारचें. आम्हीं या भागांतील एका शाळेंत चौतीस वर्षें संस्कृत आणि मराठी शिकविलें, व बहुतेक प्रत्येक वर्गांत पामचे दोनचार मुलगे असतच. वर्षाच्या आरंभीं मुलांस उभें करून, "मोठेपणीं काय होणार?" असें विचारण्याचा आमचा प्रघात होता. "गुरुजी, कंपनींत लागणार," हें उत्तर आम्हीं पहिल्या वर्षीं ऐकलें आणि शेवटच्या वर्षींही ऐकलें. कोणती कंपनी, तेथें काय तयार होतें, त्यांत आपण काय करणार, यांतलें कांहीं मुलांस ठाऊक नसे. कंपनी हें त्यांच्या लेखीं एक दैवत होतें. त्यास नैवेद्य अर्जाचा आणि त्याचा प्रसाद पगाराचा.

त्या उत्तरावर आम्ही संतुष्ट असूं, ही गोष्ट आज लिहितांना संकोच वाटतो. परंतु ती लपविणें उचित नव्हे. कारण हा लेख खेड्यांतील उद्योगधंद्यांविषयीं असला, तरी मुळांत तो आमच्या एका चुकीविषयीं आहे, आणि ती चूक आमच्यासारख्या सुशिक्षित घरांतून अद्याप होत आहे असें आमचें मत आहे.

कारखाना आला, पण धंदा आला काय?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालीं झाली, आणि पुढें त्याच्यामार्फत बोईसरच्या पश्चिमेस तारापूरची वसाहत उभी राहिली. तारापूरचें अणुविद्युत् केंद्र १९६९ सालीं चालू झालें. भातखाचरें आणि वाड्या यांवर पोट भरणाऱ्या या पट्ट्यांत एका पिढीच्या अवधींत रस्ते आले, वीज आली, चाळी उठल्या, शाळांचे वर्ग दुप्पट झाले. २०१३ च्या एप्रिलांत मुंबईची उपनगरी गाडी डहाणूपर्यंत धावूं लागली. २०१४ सालीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. आणि २०२४ च्या ऑगस्टांत वाढवण येथील सुमारें ७६,००० कोटींच्या बंदराची कोनशिला बसविण्यांत आली. या सर्वांनीं कांहींच दिलें नाहीं असें म्हणणें हा कृतघ्नपणा होईल. कित्येक घरांतील चूल कारखान्याच्या पगारावर पेटली, कित्येकांच्या मुली त्याच पैशावर शिकल्या.

तथापि कांहीं मोठें यावयाचें ठरलें म्हणजे गांवच्या ओट्यावर प्रश्न निघतो तो एकच: "आमच्या पोरांना लावून घेतील का?" दुसरा प्रश्न कोणी विचारीत नाहीं, आणि तोच खरा महत्त्वाचा आहे. तो असा कीं, या कामांतून आमच्या पोरांच्या हातीं असें काय येईल, कीं जें कारखान्याचें दार बंद झालें तरी त्यांच्यापाशीं राहील?

रासायनिक कारखान्यांत एखादा मनुष्य वीस वर्षें एका नळीच्या तोट्या उघडतो आणि बंद करतो. काम जोखमीचें, लक्ष द्यावें लागणारें, आणि प्रामाणिक. परंतु तें त्याला घरीं नेतां येत नाहीं. तें तो आपल्या मुलास शिकवूं शकत नाहीं, शेजाऱ्यास दाखवूं शकत नाहीं. मोठ्या कारखान्याचें कौशल्य फाटकाच्या आंत राहतें. बाहेर येतो तो केवळ पगार, आणि कारखान्याचें सांडपाणी. पगार थांबला कीं गांव पूर्वीं होतें त्याहून दुबळें होतें, कारण मधल्या काळांत शेताचीही संवय सुटलेली असते.

खाडीच्या आसपासची गोष्ट

आतां याच मुलखांतील दुसरें चित्र पाहूं. तारापूर गांव, खाडीपलीकडील चिंचणी, तसेंच डहाणू तालुक्यांतील वरोर, वाणगांव इत्यादि गांवांतून एखाद्या गल्लींत शिरलें, तर ओटीवरून किंवा परसांतील पडवींतून बारीक टकटक ऐकूं येते. तेथें कोणी पोलादाच्या ठोकळ्यावर वाकून छिन्नीनें नक्षी खोदीत असतो. यास तिकडे डायचें काम म्हणतात. डाय म्हणजे दागिन्याचा ठसा. आपल्या घरांतील बायकांच्या गळ्यांतील मंगळसूत्राची वाटी, कानांतील कुडीची पाकळी, पाटलीवरील वेल, यांतील कित्येक आकार सोनार हातानें घडवीत नाहीं. सोन्याचा पातळ पत्रा पोलादी ठशावर ठेवून तो दाबला, म्हणजे नक्षी पत्र्यावर उठते. तो ठसा आधीं कोणीतरी उलटा, खोलगट आणि केसाइतक्या सूक्ष्म रेघांचा खोदावा लागतो. खोदून झाल्यावर ठोकळा तापवून त्यास पाणी द्यावें लागतें, म्हणजे तो कठीण होतो. पाणी कमी पडलें तर ठसा झिजतो, अधिक झालें तर तडकतो. मुंबईच्या झवेरी बाजारांतील झगमगाटामागें या खेड्यांतील वांकलेल्या पाठी आहेत, हें दागिना घेणाऱ्याच्या स्वप्नींही नसतें.

या धंद्यानें येथें मूळ कां धरलें, याचा आम्हीं अलीकडे पुष्कळ विचार केला. आमच्या पाहण्यांत जीं कारणें आलीं तीं अशीं. पहिलें, यास प्रारंभीं भांडवल थोडें लागतें. एक ऐरण, कांहीं छिन्न्या, कानशी, एक भिंग आणि उजेडाची खिडकी एवढ्यावर मनुष्य बसूं शकतो. दुसरें, माल वजनानें अल्प आणि मोलानें अधिक. पिशवींत घालून गाडीनें मुंबईस नेतां येतो, त्यासाठीं मोठा रस्ता किंवा गुदाम लागत नाहीं. तिसरें, आणि हें सर्वांत महत्त्वाचें, ही विद्या एका घरांतून दुसऱ्या घरांत जाते. मामा भाच्यास बसवितो, शेजारी शेजाऱ्याच्या मुलास बसवितो. ज्याच्याकडे काम अधिक झालें तो दुसऱ्याकडे देतो. आणि असें काम देतां देतां एक कारागीर असलेल्या आळींत दहा कारागीर होतात.

या धंद्यास दुःख नाहीं असें नाहीं. डोळे लवकर जातात, मान धरते. सोन्याचा भाव चढला आणि सराफपेठेंत मंदी आली कीं येथील ऐरण गप्प बसते. अलीकडे संगणकानें चालणारीं यंत्रें आलीं आहेत. हाताला दिवस लागत तें खोदकाम तीं थोड्या वेळांत करतात, आणि ज्यानें जन्मभर छिन्नी धरली त्यास आपलें काय होणार ही चिंता पडली आहे. तरीही एक भेद राहतोच. ज्याच्यापाशीं नक्षीची दृष्टि आहे तो यंत्र शिकूं शकतो. ज्याच्यापाशीं केवळ पास आहे तो पास संपल्यावर कोणासच नको असतो.

आमच्या हातून झालेली चूक

१९९४ च्या मे महिन्यांतील गोष्ट. पामकडचा एक विद्यार्थी, संस्कृतांत यथातथाच, परंतु चित्रकलेंत असा कीं त्याच्या वहीच्या समासांतील वेलबुट्टी पाहून आम्ही रागावण्याचें विसरावें. त्याचा मामा चिंचणीच्या बाजूस डायचें काम करी. सुटींत हा तेथें जाऊन बसे. त्या वर्षीं त्यानें आम्हांस एक पोलादी तुकडा आणून दाखविला. त्यावर कोयरी खोदलेली होती. पत्र्याच्या डब्याचा तुकडा त्यावर ठेवून त्यानें ठोकून दाखविला, तों कोयरी स्वच्छ उठली. तो तुकडा त्यानें आम्हांस दिला, आणि आम्हीं तो टेबलावर कागद उडूं नयेत म्हणून ठेवला. आमची दृष्टि तेवढीच!

पुढें त्याचे वडील घरीं आले. "गुरुजी," ते म्हणाले, "पोराला मामाकडे ठेवूं, का कंपनींत चिकटवूं? तुम्ही सांगाल तसं." भोळा मनुष्य, आणि आमच्या शब्दावर त्याची केवढी श्रद्धा! आम्हीं क्षणभरही विचार न करतां सांगितलें, "छिन्नी-हातोडा हें न शिकलेल्यांचें काम. मुलगा परीक्षा उतरेल. त्याला कंपनींत लावा, म्हणजे जन्माची काळजी मिटली."

त्याप्रमाणें तो लागला. ठेकेदाराकडून लागला, आणि तेवीस वर्षें ठेकेदाराकडेच राहिला. नांवें बदललीं, पास बदलले, काम तेंच. २०१७ सालीं तो कारखाना बंद पडला. मिळाली ती रक्कम मुलीच्या लग्नांत गेली. पुढें तो एका इमारतीच्या दाराशीं रात्रपाळीस पहारेकरी म्हणून बसूं लागला. २०२३ च्या दिवाळींत तो आमच्या घरीं आला, सोबत वीस वर्षांचा मुलगा. फराळ झाला. त्याची नजर आमच्या टेबलावर गेली. ती कोयरी तेथेंच होती, गंज चढलेली. तो कांहीं बोलला नाहीं. मुलानें मात्र ती उचलली, अंगठ्यानें चोळली, आणि म्हणाला, "बाबा, ही तुम्ही खोदलेली?" त्या घरांत त्या मुलास हें कोणी कधीं सांगितलेंही नव्हतें.

मुलगा मामाच्या नातवांबरोबर बसून संगणकावर नक्षी काढावयास शिकला होता. त्याला खोदाईचें लहान यंत्र घ्यावयाचें होतें. बँक कर्ज देण्यास तयार होती, परंतु स्वतःचा हिस्सा मागत होती. बाप विचारावयास आला होता तो तोच जुना प्रश्न घेऊन: "गुरुजी, काय करूं? ह्याला करूं देऊं, का ओळखीनं कुठं चिकटवूं?"

तीस वर्षांपूर्वीं ज्यानें आमच्या सांगण्यावरून आपली वाट सोडली, तो पुन्हां आम्हांसच वाट विचारीत होता. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

पूर्वजांनीं काय केलें?

आमच्या पांढरपेशा समाजांत असा एक समज दृढ आहे कीं, धंदा करणें हें आपल्या रक्तांतच नाहीं. हा समज आळसाचा आहे, इतिहासाचा नव्हे. १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला, तो अंताजी दामोदर काळे यांनीं चालविलेल्या पैसा फंडांतून. घरोघरच्या एकेका पैशाचें तें भांडवल. त्या कारखान्यानें कांच तर केलीच, पण कांच करणारीं माणसेंही तयार केलीं, आणि तीं इतरत्र जाऊन त्या धंद्याचीं बीजें झालीं. १९१६ सालीं कऱ्हाडजवळ ओगल्यांनीं कांचकारखाना काढला, त्या जागेचें नांव ओगलेवाडी पडलें, आणि तेथील प्रभाकर कंदील गांवोगांव टांगला गेला.

सर्वांत बोधप्रद उदाहरण किर्लोस्करांचें. लक्ष्मणराव हे मुंबईस व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक संस्थेंत शिक्षक होते. म्हणजे आमच्याच व्यवसायाचे. हक्काची बढती दुसऱ्यास दिली गेली तेव्हां त्यांनीं नोकरी सोडली. बेळगांवीं बंधु रामूअण्णांसह सायकलींचा व्यापार होताच. पुढें त्यांतून शेतीचीं अवजारें निघालीं. लोखंडी नांगरानें जमीन नासते अशी शेतकऱ्याची समजूत, त्यामुळें पहिले कांहीं नांगर खपावयासच वर्षें गेलीं. पुढें बेळगांवची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हां औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडलजवळचा उजाड माळ दिला, आणि १९१० सालीं तेथें किर्लोस्करवाडी वसली.

या कथेंतील यंत्राची हुशारी सर्व सांगतात. आमचें लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे जातें. नांगर खपत नव्हते तीं वर्षें तें घर कसें चाललें असेल? दोन भावांनीं एकमेकांस धरलें म्हणून. एकत्र कुटुंबानें एका माणसास थांबावयास वेळ दिला. पैसा सावकार देतो, बँक देते, हल्लीं सरकारही देतें. परंतु थांबावयास वेळ देणारी संस्था एकच आहे, आणि ती म्हणजे घर.

स्त्रियांनीं तर हें अधिक स्पष्ट दाखविलें आहे. १९५९ सालीं गिरगांवांत सात बायकांनीं ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास प्रारंभ केला; त्यांतून लिज्जत पापडाचा गृहोद्योग झाला. कणीक घरीं न्यावयाची, पापड लाटून आणावयाचे, अशी रीति ठेवल्यामुळें ज्या बाईस उंबरा ओलांडतां येत नव्हता तिच्याही हातास काम मिळालें. सातारा जिल्ह्यांतील दुष्काळी माण तालुक्यांत, म्हसवड येथें, १९९७ सालीं चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानें माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. तिचा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण अर्जावर सह्यांऐवजीं अंगठे होते. त्या बायका अक्षरें शिकल्या आणि पुन्हां गेल्या. आम्हीं चौतीस वर्षें अक्षरें शिकविलीं; परंतु कोणी अक्षरें शिकावीं तीं बँक काढण्यासाठीं, हें आमच्या मनांत कधीं आलें नव्हतें.

वहिनींचा हिशेब

आमचें घर तीन भावांचें. वाडीचें उत्पन्न आणि पगार-निवृत्तिवेतनांतील ठराविक भाग एका सामाईक पेटींत पडतो, व तिचा हिशेब थोरल्या वहिनी ठेवतात. धाकट्या भावाचा मुलगा तांत्रिक पदविका घेऊन स्पर्धापरीक्षेची तयारी करीत होता. तिसरें वर्ष चालू होतें. त्याच मुलानें वर्षापूर्वीं कांहीं लहानसा धंदा काढण्याचें सुचविलें, तेव्हां आम्हीं वडील मंडळींनीं त्यास, "नफ्याची हमी काय? बुडालास तर?" असें विचारून गप्प बसविलें होतें.

दिवाळीनंतर आम्हीं पेटींतून पंचावन्न हजार रुपये विद्यार्थ्याच्या मुलास द्यावे असें सुचविलें. बँकेस हिस्सा पंचाण्णव हजारांचा हवा होता. त्यांतले चाळीस बापानें जमविले होते. थोरले बंधु म्हणाले, "दान असेल तर द्या, धंद्यांत घालूं नका. आपल्याला त्यांतलं काय कळतं?" चर्चा तेथेंच संपावयाची, परंतु वहिनी वही घेऊन बाहेर आल्या.

"भाऊजी," त्या आम्हांस म्हणाल्या, "पुतण्याच्या शिकवणीला आणि राहण्याला महिन्याला आठ हजार. छत्तीस महिने झाले. दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. हे देतांना आपण कुणी हमी मागितली होती?"

कोणी कांहीं बोललें नाहीं. त्या पुढें म्हणाल्या, "नोकरीची वाट पाहायला आपण तीन वर्षं पोसतों, आणि धंद्याची वाट पाहायला एक वर्षही पोसत नाहीं. परीक्षेंत नापास झाला तर नशीब म्हणतों. धंद्यांत खोट आली तर अक्कल काढतों."

आम्हीं आयुष्यांत पुष्कळ सुभाषितें पाठ केलीं आणि मुलांकडून करवून घेतलीं. उद्योगाची महती सांगणारीं तर विशेषच. परंतु त्या सर्वांहून त्या दिवशींची वही आम्हांस अधिक शिकवून गेली.

ठरलें तें असें. पंचावन्न हजार द्यावयाचे, तें दान नव्हे, बिनव्याजी उसने, आणि पहिलें वर्ष परत मागावयाचे नाहींत. पुतण्यास संगणक येतो. त्यानें आठवड्यांतून चार दिवस त्या मुलाबरोबर बसावें, आंकडे आणि पत्रव्यवहार पहावा, नक्षी यंत्राच्या भाषेंत घालावयास शिकावें. परीक्षा द्यावयाची तर द्यावी. आणि त्या मुलाच्या बापानें पहाऱ्याच्या नोकरींतून सुटी मिळेल त्या दिवशीं येऊन ठशांस शेवटचा हात द्यावा.

आज यंत्र बसून बराच काळ लोटला आहे. हातीं सोनें लागलें असें लिहिलें तर तें खोटें होईल. प्रारंभींचा एक घाणा पाणी देतांना तडकला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यानें सारे ठसे परत केले. त्या महिन्याचा हप्ता बापाच्या पगारांतून गेला. दोनदां वसुली अडली. पुतण्या एकदां रुसून घरीं बसला, पुन्हां गेला. हल्लीं हप्ता धंद्यांतूनच सुटतो आणि दोघांस थोडें उरतें. यंत्र रेघ ओढतें, परंतु रेघेस जिवंतपणा देणारा शेवटचा हात बापाचाच आहे. त्या हातानें तेवीस वर्षें तोट्या फिरविल्या; आम्हांस वाटलें होतें तो विसरला असेल. तो विसरला नव्हता.

आपण काय करावें?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें मूळ घर कोठल्यातरी खेड्यांत आहे. तेथें अनुकूलता पूर्वींहून कितीतरी अधिक आहे. आमच्याच पालघर जिल्ह्यांत पहा: वारली चित्रकलेस २०१४ सालीं, डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं, वाड्याच्या कोलम तांदुळास २०२१ सालीं आणि बहाडोलीच्या जांभळास २०२३ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, म्हणजे त्या नांवावर परक्या मुलखांतल्या मालानें हक्क सांगूं नये अशी कायद्याची सोय झाली. परंतु चिकू पिकल्यावर फार दिवस टिकत नाहीं. नांवाचा मान मिळाला तरी फळ गाडींतच नासलें तर बागाईतदाराच्या पदरांत काय पडणार? त्याच्या चकत्या वाळवणें, भुकटी करणें, डब्यांत भरणें, या मधल्या पायरीवरच खेड्याची कमाई आहे, आणि तेथेंच शिकलेल्या माणसाची उणीव आहे. माल पिकविणारे हात आहेत. हिशेब लिहिणारे, नमुना पाठविणारे, बाजारभाव वाचणारे कमी आहेत.

सरकारी साहाय्याविषयीं अज्ञान फार. केंद्राच्या प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमांत, जो २००८ सालीं सुरू झाला, ग्रामीण भागांतील नव्या धंद्यास खर्चाच्या पंचवीस टक्के, आणि स्त्रिया व मागास वर्ग यांस पस्तीस टक्के अनुदान ठेवण्यांत आलें. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारणांस दहा टक्के, इतरांस पांच टक्के. राज्यानेंही २०१९ सालीं तशीच मुख्यमंत्र्यांच्या नांवाची योजना काढली. जिल्हा उद्योग केंद्रांत यांची चौकशी करतां येते. खेड्यांतला होतकरू मुलगा अडतो तो पुष्कळदां अनुदानावांचून नव्हे, तर त्या लहानशा हिश्शावांचून आणि अर्ज नीट लिहिण्यावांचून. निवृत्त शिक्षकास, कारकुनास, बँकेंतील माणसास आठवड्याची एक दुपार देऊन हें काम करतां येईल. त्यास भांडवल लागत नाहीं, चष्मा लागतो.

आणि घरापुरती एक सूचना. सामाईक पेटींत जसा शिक्षणाचा, आजारपणाचा, लग्नकार्याचा खण असतो, तसा एक खण धंद्याचा ठेवावा. रक्कम लहान असो. ती बुडेल हें आधींच धरून चालावें, म्हणजे देतांना हात कांपणार नाहीं आणि बुडाल्यावर जीभ सुटणार नाहीं. घरच्या मुलास किंवा सुनेस द्यावी, अथवा आमच्याप्रमाणें गांवांतील दुसऱ्या घरच्या मुलास द्यावी. अट एकच, कीं जो शिकला त्यानें पुढें आणखी एकास शिकवावें. खेडें वर येतें तें शेजारीं कारखाना आल्यानें नव्हे. एका घरची विद्या दुसऱ्या घरांत गेल्यानें येतें.

तो कोयरीचा ठसा आतां आमच्या टेबलावर नाहीं. मुलानें नेला, गंज काढला, आणि तसाच दुसरा यंत्रावर करून पाहिला. नमुना मुंबईस पाठविला आहे. पसंत पडला कीं नाहीं याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. आम्ही वाट पाहत आहों. या वेळीं तरी वाट पाहणें हेंच आमचें काम आहे.